‘फकिरा’ कादंबरीचा पाठ : इयत्ता सातवी व आठवीसाठी

उच्च प्राथमिक वर्गांत गुलामगिरीचा विषय बहुधा परदेशाच्या इतिहासात येतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून नेलेली माणसे, अमेरिकेतील कापसाचे मळे, अब्राहम लिंकन यांची १८६३ ची घोषणा आणि १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती एवढे मुद्दे विद्यार्थी पाठ करतात व परीक्षेत लिहितात. त्यातून मुलांची अशी समजूत होते की, गुलामगिरी हे दूरच्या लोकांचे पाप असून आपल्या गावशिवाराशी त्याचा काही संबंध नाही. ही समजूत तशीच राहू देणे इतिहासाच्या दृष्टीने चूक आहे आणि नागरिक घडविण्याच्या दृष्टीने हानिकारकही आहे. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचे प्रकार आपल्या मातीतही झाले. त्यांपैकी एका प्रकाराची जिवंत ओळख करून देणारी कादंबरी मराठीत आहे. ती म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ होय. या कादंबरीच्या आधारे सातवी-आठवीच्या वर्गात पाठमाला कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीची निवड

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. त्यांना शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. पुढे मुंबईच्या गिरणगावात त्यांनी कामगार म्हणून दिवस काढले, आपल्या प्रयत्नाने लेखन-वाचन वाढविले आणि पोवाडे, लोकनाट्ये, कथा व कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. लेखकाने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केली आहे. फकिरा हा वाटेगाव परिसरातील खरा पुरुष. त्याच्या हकिकती लेखकाने लहानपणापासून ऐकल्या होत्या. म्हणून या कृतीत इतिहास आणि कल्पना दोन्ही एकत्र नांदतात, आणि हाच तिचा अध्यापनातील मोठा उपयोग आहे.

या कादंबरीत बाजारात माणसांची खरेदी-विक्री नाही. तिच्यात हजेरी आहे. केवळ विशिष्ट जातीत जन्म घेतला म्हणून माणसाने ठरलेल्या वेळी सरकारी माणसापुढे उभे राहून आपण गावातच आहोत हे दाखवायचे, परवानगीवाचून शीव ओलांडायची नाही, आणि कोठेही चोरी झाली तरी पहिला संशय आपल्यावर येणार हे गृहीत धरून जगायचे, असे हे बंधन होते. याला गुलामी म्हणावे की न म्हणावे, हा प्रश्न शिक्षकाने स्वतः सोडवून टाकू नये. पाठमालेच्या शेवटी तो विद्यार्थ्यांपुढेच ठेवावयाचा आहे.

शिक्षकाची पूर्वतयारी

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने तीन गोष्टींची माहिती पक्की करून घ्यावी.

पहिली गोष्ट, आपल्याकडील गुलामीची. पेशवाईत बटकी व कुणबिणी यांची खरेदी-विक्री होत असे व त्यांची नोंद दप्तरात होई. कंपनी सरकारच्या अमलात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीला असलेली कायद्याची मान्यता काढून घेण्यात आली. त्याहून जुने उदाहरण मलिक अंबर याचे. हबसाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबांच्या बाजारातून दख्खनेत आला आणि कर्तबगारीने निजामशाहीचा वजीर झाला. आपल्या बार्शी तालुक्याच्या शेजारी असलेला परांड्याचा किल्ला त्याच्या कारभाराशी निगडित आहे. १६२६ साली तो मृत्यू पावला. एक गुलाम वजीर झाला म्हणून गुलामी सौम्य होती असा अर्थ मुलांनी काढू नये, याची काळजी घ्यावी. त्याच बाजारात विकल्या गेलेल्या असंख्य मुलांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि निग्रो लोकांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. अमेरिकेतील दास्य आणि येथील जातिव्यवस्थेचे दास्य यांची तुलना मराठीत त्या काळीच झाली होती. तेव्हा ‘फकिरा’ शिकविताना अशी तुलना करणारा शिक्षक काही नवी ओढाताण करीत नाही. तो दीडशे वर्षांपूर्वी पडलेल्या वाटेनेच जात असतो.

दुसरी गोष्ट, हजेरीच्या कायद्याची. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला व १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. १९२४ साली त्याचे एकत्रीकरण करण्यात आले. या कायद्याने सरकारला एखादी संपूर्ण जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करता येई. जाहीर झालेल्या जमातीतील माणसांची नावे नोंदविणे, त्यांच्या बोटांचे ठसे घेणे, त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यावयास लावणे, त्यांच्या राहण्याच्या जागेवर मर्यादा घालणे आणि त्यांना वसाहतीत डांबणे, हे सर्व कायदेशीर होते. मुलांना आईबापांपासून वेगळे करून निराळ्या शाळांत ठेवण्याची तरतूदही त्यात होती. गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकता नव्हती. जन्म हाच पुरावा मानला जाई.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. सोलापूर शहरात अशी एक मोठी वसाहत काटेरी तारांच्या कुंपणात उभी होती. निरनिराळ्या जमातींची कुटुंबे तेथे आणून ठेवली होती. त्यांतील स्त्री-पुरुष शहरातील कापडगिरण्यांत कामाला जात व हजेरीच्या वेळी परत कुंपणात येत. सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना भोंगा, माग व चादर यांची आठवण सर्वांना होते, परंतु त्या मागांवर कुंपणातून आलेले हातही चालत होते, हे क्वचितच सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. शहरातील त्या भागातील वस्त्यांच्या नावांत ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र आजही टिकून आहे. महाराष्ट्र शासनाच्या यादीत विमुक्त जातींची संख्या १४ असून त्यांत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, पारधी इत्यादींचा समावेश होतो. कादंबरीतील मांग समाज या यादीत नाही, तो अनुसूचित जातींत मोडतो. हा भेद शिक्षकास ठाऊक असावा, कारण हजेरीचा जाच कागदावरील याद्यांच्या चौकटीत नीट बसत नाही.

पाठमालेची आखणी

संपूर्ण कादंबरी वर्गात वाचणे शक्य नाही व आवश्यकही नाही. चार प्रसंग निवडावेत. त्यांसाठी पस्तीस मिनिटांच्या सहा तासिका पुरेशा आहेत. कादंबरीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात असली म्हणजे झाले. निवडलेला भाग शिक्षकाने स्वतः वाचून दाखवावा व मधला कथाभाग तोंडी सांगावा.

पहिली तासिका प्रस्तावनेची. तिचा आरंभ शाळेच्या हजेरीपटापासून करावा. रोज सकाळी शिक्षक नाव घेतात आणि मूल ‘हजर’ म्हणते. ही हजेरी कशासाठी असते, असे विचारावे. मुले सांगतील : कोण आले ते कळावे, न आलेल्याची चौकशी व्हावी, वर्षअखेर उपस्थिती धरावी. नंतर सांगावे की, ‘हजेरी’ हाच शब्द आपल्या भागात काही लोकांना भिववीत असे, आणि त्या हजेरीची गोष्ट आपण वाचणार आहोत. एवढेच हेतुकथन पुरे. कायद्याचे नाव व सनावळी या तासिकेत सांगू नयेत.

दुसऱ्या तासिकेत जोगिणीचा प्रसंग घ्यावा. फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी शेजारच्या गावची जोगिणी आणावयास जातो, ती आणतो आणि त्यात प्राण गमावतो. येथे प्रश्न असा विचारावा की, ज्या गावाच्या मानासाठी राणोजी मेला, त्या गावात त्याचे घर कोठे होते? विद्यार्थी गावकुसाबाहेरच्या वस्तीचा उल्लेख आपण होऊन करतील. मान गावाचा, मरण मांगाचे, ही विसंगती मुलांनीच ओळखावी. राणोजीच्या मृत्यूचे वर्णन रक्तरंजित आहे. ते सावकाश व संयमाने वाचावे, अभिनय करून नव्हे.

तिसरी तासिका दुष्काळाची. रोगराई आणि उपासमार यांनी वस्ती संकटात सापडते आणि फकिरा व त्याचे साथीदार धनिकाच्या धान्यावर धाड घालून ते उपाशी लोकांत वाटतात. हा प्रसंग सोलापूरच्या मुलांना परका वाटणार नाही. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांची झळ या जिल्ह्यास तीव्रतेने लागली होती, आणि १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांच्या व सुकडीच्या आठवणी अनेक घरांतील आजी-आजोबांकडे आहेत. या तासिकेच्या आधी मुलांना घरी विचारून येण्यास सांगावे : बाहत्तर साली आपल्या घरी काय खाल्ले जात होते? उत्तरे फळ्यावर लिहावीत. नंतर कादंबरीतील भाग वाचावा.

चौथी तासिका हजेरीची. हा पाठमालेचा गाभा होय. हजेरीचा भाग वाचून झाल्यावर फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूस ‘शाळेची हजेरी’ व दुसऱ्या बाजूस ‘फकिराची हजेरी’ असे लिहून पुढील मुद्द्यांवर तुलना घ्यावी : कोणाची घेतली जाते, का घेतली जाते, चुकल्यास काय होते, ती कधी संपते. शेवटच्या मुद्द्यावर मुले थबकतात. शाळेची हजेरी शाळा सुटल्यावर संपते. दुसरी हजेरी बापाकडून मुलाकडे जाते. मुलांच्या तोंडून हे आले की मग कायद्याची माहिती द्यावी : १८७१, १९११, १९२४, १९५२, आणि सोलापूरची वसाहत. माहितीसाठी जागा तयार झालेली असल्यामुळे या वेळी सनावळी जड जात नाही.

पाचवी तासिका शेवटाची. सरकार फकिराच्या लोकांना कोंडून ठेवते आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः स्वाधीन होतो. येथे एकच प्रश्न पुरे : फकिराला पकडण्यासाठी सरकारने ज्यांना कोंडले, त्यांनी कोणता गुन्हा केला होता? हा प्रश्न मुलांना पुन्हा चौथ्या तासिकेकडे नेतो.

सहावी तासिका संकलनाची. अमेरिकेतील गुलाम, पेशवाईतील बटीक, गावचा वेठबिगार आणि हजेरीखालचा माणूस अशी चार नावे फळ्यावर लिहावीत. प्रत्येकास विकता येत असे का, कामाचा मोबदला मिळे का, गाव सोडता येई का, मुलांना तीच स्थिती भोगावी लागे का, असे चार प्रश्न लावून कोष्टक भरून घ्यावे. कोष्टक पूर्ण झाल्यावर ‘गुलाम कोणाला म्हणावे?’ हा प्रश्न टाकावा. वर्गात एकमत होणार नाही, होण्याची गरजही नाही. शेवटी भारतीय संविधानाचे कलम २३ सांगावे. माणसांचा व्यापार, वेठबिगार व सक्तीचे श्रम यांना त्याने मनाई केली आहे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही सांगावे. संविधानात लिहिले म्हणजे गावात घडले असे होत नाही, ही गोष्ट मुलांस त्यावरून कळते.

इतिहास आणि कादंबरी

चलाख विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, हे सगळे खरे घडले का?” या प्रश्नाचे स्वागत करावे. फकिरा हा खरा माणूस, हजेरी ही खरी गोष्ट, दुष्काळ खरा, परंतु संवाद लेखकाने रचलेले आहेत, हे स्पष्ट सांगावे. कादंबरीतील प्रत्येक प्रसंगाला साल चिकटविण्याचा हव्यास धरू नये. कायदा कधी झाला हे दप्तर सांगते. तो कायदा अंगावर आल्यावर माणसाला काय वाटले हे दप्तरात सापडत नाही, कारण हजेरी देणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती. ती पुढच्या पिढीत अण्णा भाऊंच्या हाती आली. कादंबरी व इतिहास एकमेकांना कोठे पूरक ठरतात, हे या एका उदाहरणाने मुलांना चांगले उमगते.

कादंबरीतील संवाद वाळव्याकडील बोलीत आहेत. ते प्रमाणभाषेत बदलून वाचू नयेत. आपल्या शाळांत मराठीबरोबर कानडी, तेलुगू, लमाणी, कैकाडी अशा भाषा बोलणारी मुले असतात. पुस्तकात बोली छापलेली पाहून त्यांना आपल्या बोलण्याची लाज कमी वाटते, हा अनुषंगिक लाभही लहान नाही.

दुसरा अवघड प्रश्न असा येतो : फकिरा दरोडेखोर होता की वीर? शिक्षकाने निकाल देऊन मोकळे होऊ नये. लूट करणे हा गुन्हा आहे, हे कोणी नाकारू नये. त्याचबरोबर भुकेने माणसे मरत असता कोठारे बंद ठेवणे, आणि जन्मावरून लोकांना गुन्हेगार ठरविणे यांना काय म्हणावे, हेही विचारावे. मुलांना दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. वादात आवाज चढला तर पुस्तकातील उतारा पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा तेवढ्याने वाद पुन्हा मुद्द्यावर येतो.

घ्यावयाची दक्षता

या पाठमालेत सर्वांत मोठी जबाबदारी येथे आहे. वर्गात मातंग, पारधी, कैकाडी, वडार वा अन्य विमुक्त समाजातील मूल बसलेले असू शकते. हजेरीचा भाग वाचताना शिक्षकाची नजर त्या मुलाकडे वळली, तरी साऱ्या वर्गाची नजर वळते. ‘तुमच्याकडे असे होते ना?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी तो त्या मुलाला पुन्हा हजेरीस उभे करतो. म्हणून कोणत्याही मुलास त्याच्या जातीच्या वतीने बोलावयास लावू नये. एखाद्याने आपण होऊन घरची आठवण सांगितली, तर ती शांतपणे ऐकावी, आभार मानावेत व पाठ पुढे न्यावा. सांगितले नाही, तर त्याचे मौन तसेच राहू द्यावे.

जातींची नावे कादंबरीत आली आहेत तशी वाचावी लागतात. वाचनाच्या आधी एवढे सांगावे की, ही नावे पुस्तकात लेखकाने आपल्याच माणसांविषयी आदराने लिहिली आहेत, आणि पुस्तकाबाहेर ती कोणास हिणविण्यासाठी वापरणे हा अपराध आहे. पाठमाला सुरू असताना मधल्या सुट्टीकडेही लक्ष ठेवावे. वर्गात शिकलेला शब्द मैदानावर शिवी म्हणून वापरला गेला, तर त्याच दिवशी त्याची दखल घ्यावी.

विमुक्त समाजाची ओळख केवळ दुःखाची व गुन्ह्याची होऊ नये. वडारांचे दगडकाम, कैकाड्यांच्या टोपल्या, पारध्यांचे रानाचे ज्ञान, मातंगांचे दोरखंड व हलगीवादन यांचाही उल्लेख पाठात ओघाने यावा. ज्याच्या हातात कसब आहे अशा माणसाला कायद्याने चोर ठरविले, हे कळले म्हणजे अन्यायाचे माप नीट कळते.

उपयोजन

स्वाध्याय म्हणून पुढीलपैकी एक द्यावा. पहिला : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून गावात पूर्वी वेठीची कोणती कामे होती ते लिहून आणणे. दुसरा : राणोजी व फकिरा यांच्या धैर्यात साम्य व फरक काय, यावर पंधरा ओळी लिहिणे. तिसरा : ३१ ऑगस्ट या दिवसाविषयी परिपाठात सांगण्यासाठी पाच वाक्ये तयार करणे. या स्वाध्यायांस गुण देताना माहितीपेक्षा विचाराची सुसंगती पाहावी.

पाठमालेचा खरा पडताळा मात्र स्वाध्यायाच्या वहीत होत नाही. वर्गात एखाद्याची पेन्सिल, कंपासपेटी वा पाच रुपये हरवतात, असा दिवस प्रत्येक शाळेत येतो. त्या वेळी मुलांची बोटे कोणाकडे वळतात आणि शिक्षक प्रथम कोणाचे दप्तर उघडावयास सांगतात, हे पाहावे. जन्मावरून संशय घेण्याची ती सवय १९५२ साली कायद्याच्या पुस्तकातून गेली. माणसांच्या मनातून ती पूर्ण गेलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निर्णय देताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या प्रवृत्तीची दखल घेतली, यावरून ती अद्याप किती खोल आहे हे दिसते. अशा प्रसंगी शिक्षकाने कोणाचेच दप्तर उघडू नये. हरवलेली वस्तू सर्वांनी मिळून शोधावी, आणि सापडली नाही तर शाळेतून भरून द्यावी. पाच रुपयांचा तोटा शाळेला सोसतो.

ही पाठमाला घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनी प्रथम कादंबरी स्वतः संपूर्ण वाचावी, निवडलेल्या चार प्रसंगांची टिपणे काढावीत व शक्य असल्यास ऑगस्ट महिन्यात तासिका योजाव्यात. १ ऑगस्ट हा लेखकाचा जन्मदिन व ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन, हे दोन्ही त्याच महिन्यात येतात. मुलांनी विचारलेले अनपेक्षित प्रश्न लिहून ठेवावेत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते इतरांपुढे मांडावेत. एका शाळेत अडलेला प्रश्न दुसऱ्या शाळेत सुटलेला असतो, आणि या विषयात तर प्रत्येक शिक्षकाला दुसऱ्याच्या अनुभवाची गरज आहे.